दोन देशांवर दोन चॅप्टर लिहिले की तुलनात्मक अभ्यास होतो का? मेथड म्हणून नेमकं काय दाखवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कामगार संघटनांवर थिसिस चालू आहे, दोन देश घेतलेत, पहिल्या देशावर एक चॅप्टर, दुसऱ्यावर एक, शेवटी साम्य आणि फरक यांचा तक्ता, आणि तो बघून गाइड म्हणाल्या "यात मेथड कुठाय?" वर हेही विचारलंय की दोन देश पुरतात का अजून घ्यावे लागतील.

गाइडचं म्हणणं मला पटतं. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचे आराखडे, वाचायचं काम माझ्याकडे बरेचदा येतं आणि 'तुलनात्मक अभ्यास' असं नाव असलेल्या सिनॉप्सिसमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी अडचण हीच असते. माहिती भरपूर असते, मेहनत दिसते, पण तुलना झालेलीच नसते, दोन वर्णनं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. कुठलेही दोन देश घ्या, फरक शंभर सापडतील, तक्ता कितीही लांब करता येईल. त्यातला कुठला फरक महत्त्वाचा आणि कुठला बिनकामाचा हे तक्ता सांगत नाही, ते तुमचा प्रश्न सांगतो. आणि तुमच्या पोस्टवरून मला असं वाटतंय की देश आधी ठरले आणि प्रश्न मागाहून शोधला गेला. तो क्रम उलटा करायचा, बाकी सगळं त्यातून येतं.

म्हणजे कसं ते तुमच्याच विषयातून सांगतो.

स्वीडन आणि नॉर्वे. शेजारी शेजारी, भाषा एकमेकांना कळणाऱ्या, दोन्हीकडे सोशल डेमोक्रॅटिक पक्ष वर्षानुवर्षं सत्तेत, दोन्हीकडे मोठी कल्याणकारी व्यवस्था. तरी १९९०च्या दशकात स्वीडनमध्ये दहातले आठाहून जास्त कामगार युनियनचे सदस्य होते आणि नॉर्वेत निम्म्याहून थोडे जास्त. इथे प्रश्न आपोआप उभा राहतो की इतकं सारखं असताना हा एवढा फरक आला कुठून? अभ्यासकांनी जे उत्तर पुढे आणलं ते असं की स्वीडनमध्ये बेकारी विम्याचे फंड युनियनच्या हातात आहेत. कायद्याने युनियनचं सदस्य न होता नुसता विमा घेता येतो, पण वर्षानुवर्षं लोकांना दोन्ही एकच वाटत आलं, नोकरी गेली तर पैसे मिळावेत म्हणून माणूस युनियनमध्ये जातो. याला गेंट पद्धत म्हणतात. नॉर्वेतही सुरुवातीला असंच होतं पण १९३८ साली तिथे सरकारी सक्तीचा विमा आला आणि युनियनच्या हातातलं ते साधन गेलं.

बघा, इथे देश 'मला आवडतात' किंवा 'डेटा सहज मिळतो' म्हणून आलेले नाहीत, बाकी बरंच सारखं असताना एकच गोष्ट वेगळी दिसावी म्हणून आलेत. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली फरकाची पद्धत म्हणून जे मांडलं ते हेच. उलट बाजूची पद्धतही त्यानेच दिली, बाकी सगळं वेगळं पण परिणाम तोच, मग समान काय आहे ते शोधा. आजकाल पुस्तकांत याला अतिसमान केसेसची रचना आणि अतिभिन्न केसेसची रचना (केस म्हणजे तुलनेला घेतलेलं एकेक उदाहरण, इथे देश) अशी नावं असतात आणि विद्यार्थी मेथडच्या चॅप्टरमध्ये ही नावं लिहून मोकळे होतात. नाव लिहिल्याने काही होत नाही, तुमच्या दोन केसेस कुठल्या बाबतीत समान आहेत आणि ते समान असल्यामुळे कुठली पर्यायी उत्तरं बाद होतात हे एकेक करून दाखवावं लागतं.

आता कोणीही हुशार परीक्षक लगेच म्हणेल की स्वीडन आणि नॉर्वे कुठे सारखे आहेत, स्वीडन १९९५ पासून युरोपियन युनियनमध्ये आहे, नॉर्वे नाही, नॉर्वेकडे तेल आहे. बरोबरच आहे. 'बाकी सगळं सारखं' हे प्रत्यक्षात कधीच मिळत नाही, दोन समाज म्हणजे प्रयोगशाळेतल्या दोन टेस्टट्यूब नव्हेत, आणि माझ्या मते खरं काम इथूनच सुरू होतं. अशा वेळी दुसरी जोडी आणायची. बेल्जियम आणि नेदरलँड्स, दोन्ही युरोपियन एकीकरणात पहिल्या दिवसापासून आहेत, तरी बेल्जियममध्ये निम्म्याच्या आसपास कामगार युनियनमध्ये आणि नेदरलँड्समध्ये आता पाचातला एकसुद्धा नाही, आणि बेल्जियममध्ये बेकारी भत्ता वाटायचं काम युनियन करतात. म्हणजे युरोपियन युनियनचं सदस्यत्व हे काही मुख्य कारण दिसत नाही. मग तिसरी गोष्ट, त्याच देशाची त्याच्याच भूतकाळाशी तुलना. स्वीडनमध्ये २००७ साली नव्या सरकारने बेकारी फंडाची वर्गणी बरीच वाढवली, तर २००६ साली ७७ टक्के असलेली युनियन सदस्यता २००८ पर्यंत ७१ टक्क्यांवर आली. देश तोच, संस्कृती तीच, इतिहास तोच, दोन वर्षांत बदलले ते मुख्यतः फंडाभोवतीचे नियम. फिनलंडमध्ये १९९२ साली युनियनशी संबंध नसलेला स्वतंत्र बेकारी फंड सुरू झाला आणि पुढच्या काळात तिथलीही सदस्यता उतरत गेली.

एका जोडीने जे सिद्ध होत नव्हतं ते असं वेगवेगळ्या दिशांनी बांधत न्यायचं असतं. यातला कुठलाही एक पुरावा एकटा घेतला तर तो पाडता येतो, पण सगळ्यांना पाडणारं एकच दुसरं कारण शोधणं अवघड जातं. आणि त्याच्या जोडीला यंत्रणा दाखवायची, म्हणजे सामान्य कामगार युनियनचा फॉर्म भरताना खरंच बेकारी विम्याचा विचार करतो का, युनियन त्यांच्या जाहिरातीत काय सांगतात, फंड सोडणारे आणि युनियन सोडणारे तेच लोक होते का. हे मुलाखतीतून, कागदपत्रांतून, युनियनच्या वार्षिक अहवालांतून शोधायचं. ही बाजू सोडली तर नुसते आकडे हलताना दिसतात, ते का हलले हे कळत नाही.

आता आइसलँड. तिथे युनियन सदस्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे, जगात सगळ्यात जास्त म्हणतात ती, आणि तिथे गेंट पद्धत नाही! बरेच विद्यार्थी अशी केस दिसली की घाबरून तळटीपेत ढकलतात. कृपा करून असं करू नका, थिसिसमधली सगळ्यात मोलाची केस तीच असते. आइसलँड सांगतो की गेंट पद्धत उपयोगी आहे पण अनिवार्य नाही, त्याच ठिकाणी पोचायचा दुसरा रस्ताही आहे, तिथल्या करारांमध्ये युनियन सदस्यांना कामात प्राधान्य देणारी कलमं असतात वगैरे. एकाच परिणामाची अनेक कारणं असू शकतात ही अडचण मिलला स्वतःलाच माहीत होती, म्हणून त्याने त्याच पुस्तकात या पद्धती समाजाच्या अभ्यासाला जशाच्या तशा लागू होत नाहीत असंही म्हटलंय. आपल्याकडे मिलच्या पद्धती शिकवल्या जातात आणि त्याचा हा इशारा मात्र गाळला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

यावर समाजशास्त्रज्ञ चार्ल्स रॅगिनने १९८७ साली एक वाट सुचवली, गुणात्मक तुलनात्मक विश्लेषण, क्यूसीए म्हणतात. त्यात एकेकट्या कारणापेक्षा कारणांचे संच बघायचे, प्रत्येक केसमध्ये अमुक अट आहे की नाही हे मांडून सत्यता सारणी करायची आणि कुठल्या कुठल्या जोडण्यांतून परिणाम येतो ते पाहायचं. दहा-पंधरा ते चाळीस-पन्नास केसेस असतील तर कामाची पद्धत आहे. पण तुमच्या दोन केसेसना तिचा काही उपयोग नाही, पाच अटी घेतल्या तरी प्रत्येकीच्या 'आहे' आणि 'नाही' मिळून सारणीत ३२ ओळी होतात, त्यातल्या ३० रिकाम्या राहतील. गाइडना खूश करायला सॉफ्टवेअर लावू नका.

अजून एक कसोटी सांगतो, मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली. शेवोर्स्की आणि टून या दोघा राज्यशास्त्रज्ञांनी १९७० साली असं मांडलं की तुलनात्मक संशोधनाचं ध्येय म्हणजे देशांच्या नावांच्या जागी चलांची, म्हणजे देशागणिक बदलू शकणाऱ्या मोजता येणाऱ्या गोष्टींची, नावं येणं. तुमच्या थिसिसमधलं मुख्य वाक्य घ्या आणि देशाचं नाव खोडा. "स्वीडनमध्ये युनियन मजबूत आहेत कारण तिथली परंपरा तशी आहे" यातून स्वीडन खोडला तर हातात काहीच उरत नाही. "जिथे बेकारी विमा युनियनमार्फत मिळतो तिथे सदस्यता जास्त असते" यात नाव नाहीच, म्हणून हे वाक्य तपासता येतं, उद्या कोणी ते चौथ्या देशात जाऊन खोटंही ठरवू शकतं. हे सगळ्याच विषयांत शंभर टक्के जमत नाही, काही गोष्टी त्या त्या ठिकाणच्या इतिहासात इतक्या गुंतलेल्या असतात की नाव काढलं की अर्थच जातो, आणि ज्यांना तो गुंता समजून घ्यायचाय त्यांनी तो खुशाल घ्यावा. पण मग कारणाचा दावा करताना तेवढा आवर घालावा.

आता मोजमाप. इथे मी जरा थांबणार आहे कारण इथेच जास्त थिसिस पडतात. तुम्ही 'युनियन सदस्यतेचं प्रमाण' दोन देशांसाठी दोन वेबसाइटवरून उचलणार असाल तर आधी बघा की अंशात कोण आहे आणि छेदात कोण. इटलीत मोठ्या कामगार महासंघांच्या सदस्यांत निवृत्त पेन्शनर प्रचंड संख्येने असतात, सगळ्यात मोठ्या महासंघात तर साधारण निम्मे. ते धरले तर इटलीचा आकडा एक, वगळले तर दुसराच. गेंट पद्धतीच्या देशांत बेकार झालेला माणूस सदस्य राहतो, इतर देशांत बरेचदा गळतो, मग त्याला धरायचं का? हा कारकुनी तपशील वाटतो पण तुमचा अख्खा निष्कर्ष त्यावर उभा असतो.

आणि आकडा नीट मोजला तरी त्याचा अर्थ दोन्हीकडे एकच आहे का? फ्रान्समध्ये दहातला जेमतेम एक कामगार युनियनचा सदस्य आहे, पण सामूहिक कराराचं, म्हणजे युनियन आणि मालकांनी मिळून ठरवलेल्या पगाराच्या आणि कामाच्या अटींचं, संरक्षण दहातल्या नवाहून जास्त कामगारांना आहे कारण करार सरकार सगळ्या उद्योगाला लागू करतं. अमेरिकेतही सदस्यता दहा टक्क्यांच्या आसपास आणि करारही जवळजवळ तेवढ्याच लोकांना लागू. आकडा एकच, पण एकीकडे त्याचा अर्थ 'बाकीचे उघड्यावर' आणि दुसरीकडे 'बाकीच्यांना सदस्य न होताही मिळतंच'. तुमचा प्रश्न युनियनच्या ताकदीचा असेल तर नुसत्या सदस्यतेवर फ्रान्स आणि अमेरिका एका रांगेत बसवणं चूक होईल.

तुम्ही प्रश्नावली पण करणार आहात असं लिहिलंय म्हणून हेही. एकच प्रश्न दोन समाजांत विचारला म्हणजे तेच मोजलं असं होत नाही. राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली छापलेला एक अभ्यास आहे. चीन आणि मेक्सिकोत लोकांना विचारलं की सरकारने तुमच्या प्रश्नाकडे लक्ष द्यावं यात तुमचं किती चालतं. मेक्सिकोत २००० साली लोकांनी मतदानाने अनेक दशकं सत्तेत असलेला पक्ष घालवला होता, तरी तिथले लोक चिनी लोकांपेक्षा जास्त प्रमाणात म्हणाले की आमचं काही चालत नाही. नुसत्या टक्क्यांवर गेलं असतं तर चीनमध्ये जनतेचा आवाज जास्त असा निष्कर्ष निघाला असता. मग त्यांनी त्याच लोकांना काही काल्पनिक माणसांच्या गोष्टी दिल्या, गोष्टीतल्या कोणाकडेच पिण्याचं स्वच्छ पाणी नाही, पण एक बाई शेजाऱ्यांसोबत निवडणुकीत विरोधी उमेदवाराला पाठिंबा देतेय, तर एका माणसाला मतही देता येत नाही आणि तो गपचूप सोसतोय. या माणसांचं किती चालतं ते सांगा असं विचारलं. तेव्हा कळलं की बऱ्याच चिनी लोकांनी स्वतःला त्या गपचूप सोसणाऱ्या माणसाच्याही खाली ठेवलं होतं. म्हणजे 'थोडंफार चालतं' हा पर्याय दोन्हीकडे वेगवेगळ्या उंचीवर होता. ही युक्ती लहान प्रश्नावलीतही वापरता येते, दोन-तीन छोट्या गोष्टी घाला, सगळ्यांना त्याच, पण दोन्ही भाषांत त्या गोष्टी नैसर्गिक वाटतात का हे आधी चार लोकांना वाचून दाखवा.

केस निवडताना अजून एक खड्डा आहे. 'युनियन का मजबूत होतात' असा प्रश्न आणि निवडले सगळे मजबूत युनियनचेच देश. मग त्या सगळ्यांत जे काही समान दिसेल ते कारण वाटायला लागतं, पण तेच कमजोर युनियनच्या देशांतही असेल तर? तुम्ही तिकडे बघितलंच नाही. राज्यशास्त्रज्ञ बार्बरा गेडिस यांनी १९९० साली हे फार स्पष्ट दाखवलं. कामगारांना दाबलं की आर्थिक वाढ वेगाने होते असा एक समज होता, तैवान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, ब्राझील, मेक्सिको अशा वेगाने वाढलेल्या देशांवरून बनलेला. त्यांनी बाकीचे विकसनशील देशही हिशेबात घेतले आणि तो संबंध जवळजवळ विरून गेला. तुमच्या दोन केसेसमध्ये परिणाम वेगवेगळा असायला हवा, निदान कारण शोधायचं असेल तर.

आणि केसेस एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का हेही विचारा. हा आक्षेप फार जुना आहे. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलरने साडेतीनशेच्या आसपास समाजांची माहिती गोळा करून विवाह आणि वंशाच्या रीतींचे संबंध मांडले, १८८८ साली तो निबंध वाचला तेव्हा संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने विचारलं की यातल्या किती समाजांनी ही रीत एकमेकांकडून उचलली असेल? तसं असेल तर ती वेगळी उदाहरणं नाहीत, एकाच्याच प्रती आहेत. तुमच्या विषयात तर हे नावातच दिसतं, गेंट हे बेल्जियममधलं शहर, तिथे १९०१ साली ही योजना सुरू झाली आणि बाकीच्यांनी ती पाहून पाहून उचलली. म्हणून पाच देशांत गेंट पद्धत असेल तर ते पाच स्वतंत्र पुरावे धरू नयेत. देश बंद पेट्या नसतात, कायदे, पक्ष, कंपन्या, तज्ज्ञ सगळे सीमा ओलांडतात, तेव्हा कोणी कोणाकडून काय घेतलं याचा एक छोटा भाग थिसिसमध्ये ठेवाच.

दोन देश पुरतात का? राज्यशास्त्रज्ञ आरेंड लाइपहार्टने १९७१ साली तुलनात्मक पद्धतीची मुख्य अडचण सांगितली ती हीच, चल फार आणि केसेस थोड्या. दोन केसेसमध्ये पाच कारणं पारखायला गेलात तर कुठलंच बाद होणार नाही. त्यावर मार्ग दोन, केसेस वाढवा किंवा कारणं कमी करा. पीएचडीला एकट्याने, दोन भाषांत, मर्यादित पैशात काम करायचं असेल तर मी दुसरा मार्ग धरेन, दोनच देश, पण एकच मुख्य कारण आणि त्याला टक्कर देणारी दोन पर्यायी कारणं. मात्र प्रत्येक देशाच्या आत केसेस वाढवा, एखादा कायदा बदलायच्या आधीचा काळ आणि नंतरचा काळ, किंवा एकाच देशातले दोन उद्योग, दोन प्रांत. देश दोन राहतात पण निरीक्षणं आठ-दहा होतात. तिसरा देश हवाच असेल तर त्यावर अख्खं चॅप्टर नको, आइसलँडसारखा आपल्याला नडणारा देश घ्या आणि दुय्यम साहित्यावर आठ-दहा पानांत तपासा. आणि एकाच देशात फील्डवर्क करून दुसरा देश फक्त पुस्तकांतून करणार असाल तर आत्ताच गाइडशी बोला, एकीकडे माणसांचे आवाज आणि दुसरीकडे सरकारी अहवाल असं झालं की फरक देशांचा आहे का साधनांचा हे सांगता येत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. राज्यशास्त्रज्ञ अलेक्झांडर जॉर्ज यांनी १९७९ साली जी रीत सांगितली ती साधी आहे आणि तुमच्या अडचणीवर नेमकी बसते, प्रश्नांची एक यादी करा आणि प्रत्येक केसला तेच सगळे प्रश्न विचारा, एकही गाळायचा नाही आणि एका देशासाठी खास असा वाढवायचाही नाही, वाढवला तर दुसऱ्यालाही तो विचारायचा. बेकारी विमा कोण चालवतं, सदस्य कसा होतो, वर्गणी कोण कापतं, मालक काय करतो, कायदा कधी बदलला आणि कोणाच्या दबावाने, असे आठ-दहा प्रश्न. मग चॅप्टर देशांनुसार न पाडता या प्रश्नांनुसार पाडा, म्हणजे प्रत्येक चॅप्टरमध्ये दोन्ही देश समोरासमोर येतील. तुमचं आधीचं लिखाण वाया जात नाही, फक्त कापून नव्या जागी लावायचंय, आणि लावताना लगेच लक्षात येईल की एका देशाबद्दल तुमच्याकडे एका प्रश्नाची बारा पानं आहेत आणि दुसऱ्याबद्दल अर्धंच पान, तिथे परत जाऊन माहिती आणावी लागेल.

मेथडच्या चॅप्टरमध्ये या गोष्टी असू द्या: प्रश्न काय, परिणाम कुठला, हेच दोन देश का, कुठले देश विचारात घेऊन सोडले आणि का, पर्यायी कारणं कुठली आणि काय सापडलं तर तुम्ही तुमचं उत्तर मागे घ्याल, प्रत्येक संकल्पना दोन्हीकडे कशी मोजली. यातला शेवटून दुसरा मुद्दा फील्डवर्कला जायच्या आधी लिहून, तारीख टाकून गाइडना मेल करून ठेवा, व्हायवात यावर प्रश्न येतोच आणि तेव्हा तो मेल फार कामाला येतो. 'सोडलेले देश' हा मुद्दा बहुतेक जण लिहीत नाहीत, तुम्ही लिहा, दोन परिच्छेद पुरतील.